परतणे आणि परत करणे : ‘फवाइद-उल-फुआद’मधील तौबाविचाराची समीक्षा

प्रस्तावना

इस्लाममधील पश्चात्ताप व ईश्वरी क्षमा या विषयावरील मराठी लेखन बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला ईश्वराच्या अपार दयेचे भाविक वर्णन असते. दुसऱ्या टोकाला ‘पाप करावे, माफी मागावी आणि मोकळे व्हावे’ असा त्या विचाराचा सोपा अर्थ लावून केलेली टीका असते. दोन्ही ठिकाणी एक प्रश्न मात्र मागे राहतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्या माणसाचे काय? ईश्वराने क्षमा केली म्हणजे त्या माणसाचे देणे फिटले काय? पश्चात्तापाच्या कोणत्याही धर्मविचाराची खरी परीक्षा याच प्रश्नापाशी होते.

या प्रश्नाचा विचार करणारा एक महत्त्वाचा फारसी ग्रंथ म्हणजे ‘फवाइद-उल-फुआद’ होय. दिल्लीचे सूफी संत हजरत निजामुद्दीन औलिया यांची संभाषणे त्यांचे शिष्य अमीर हसन सिज्झी यांनी या ग्रंथात नोंदवून ठेवली. ग्रंथ दिल्लीत लिहिला गेला. परंतु त्याचा कर्ता मराठवाड्याच्या मातीत विसावला आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद येथे हसन यांची कबर आहे. ज्या जिल्ह्यात एकनाथांचे पैठण, यादवांची देवगिरी आणि सूफींचे खुलताबाद एका दिवसाच्या प्रवासात पाहून होते, त्या जिल्ह्यातील अभ्यासकांना हा ग्रंथ परका वाटण्याचे कारण नाही. या ग्रंथातील तौबाविचाराचे स्वरूप स्पष्ट करणे, मराठी संतपरंपरेतील अनुतापाशी त्याची तुलना करणे आणि ग्रंथाने स्वतः घालून दिलेली कसोटी त्यालाच लावून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. ‘तोबा’ आणि ‘तौबा’ : शब्दांचा प्रवास

मराठीला हा विषय नवा नाही; निदान त्यातील शब्द तरी नवे नाहीत. ‘तोबा तोबा’ हा उद्गार, ‘तोबा करणे’ हा वाक्प्रचार आणि ‘तोबा गर्दी’ हे विशेषण मराठीत रुळलेले आहे. मूळ अरबी ‘तौबा’ या शब्दाचा धात्वर्थ परत फिरणे, माघारी वळणे असा आहे. मराठीत मात्र तो तिटकारा, धसका किंवा अतिरेक व्यक्त करणारा झाला. ‘तोबा करणे’ म्हणजे कानाला खडा लावणे. त्यात पुन्हा न करण्याचा निश्चय आहे. परंतु ज्याच्याकडे परत फिरायचे तो ईश्वरही नाही आणि ज्याचे काही परत करायचे तो माणूसही नाही.

या विषयाच्या इतर शब्दांचेही असेच झाले आहे. ‘गुन्हा’ हा शब्द फारसीतील ‘गुनाह’ म्हणजे पाप या शब्दावरून आला. मराठीत तो कायद्याचा शब्द झाला आणि पापासाठी आपण संस्कृत शब्द राखून ठेवला. ‘कबूल’ हा स्वीकाराचा शब्द. कुराणात ईश्वराला पश्चात्तापाचा स्वीकार करणारा म्हटले आहे ते याच धातूवरून. मराठीतील ‘कबुली’ मात्र आरोपीकडून घेतली जाते. ‘माफी’च्या मुळाशी पुसून टाकणे हा अर्थ आहे. मराठीत ती सरकार किंवा वरिष्ठ देतात आणि ‘माफीचा साक्षीदार’ या प्रयोगात तर ती चक्क व्यवहाराचा भाग होते. शेतकरी संघटनेने ‘कर्जमाफी’ऐवजी ‘कर्जमुक्ती’ या शब्दाचा आग्रह धरला, त्यामागेही माफी ही गुन्ह्याला असते, कर्जाला नव्हे, हीच भाषिक जाणीव होती.

थोडक्यात, अरबी-फारसीतील पश्चात्तापाची शब्दसंपत्ती मराठीने कचेरी आणि बाजार यांच्या वाटेने स्वीकारली. त्यामुळे मराठी वाचक ‘इस्लाममधील माफी’ असे शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात नकळत कचेरीतील माफी उभी राहते. वरच्या अधिकाऱ्याची मर्जी झाली की प्रकरण मिटले, असा त्या माफीचा अर्थ होतो. मूळ संकल्पना समजून घ्यायची तर हा अर्थ प्रथम बाजूला ठेवणे आवश्यक ठरते.

२. कुराणातील तौबा : दोन्ही बाजूंचे वळणे

कुराणातील तौबेचे पहिले वैशिष्ट्य असे, की हे क्रियापद माणूस आणि ईश्वर या दोघांसाठीही वापरले जाते. माणूस ईश्वराकडे वळतो आणि ईश्वर माणसाकडे वळतो. अरबीत केवळ शब्दयोगी अव्यय बदलते, क्रिया तीच राहते. ‘तव्वाब’, म्हणजे पुनःपुन्हा वळणारा, हे ईश्वराचे एक नाव आहे. कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात आदमकडून प्रमाद घडतो, तो ईश्वराकडून काही शब्द शिकतो आणि ईश्वर त्याच्याकडे वळतो. त्या पापाचा वारसा पुढील पिढ्यांकडे जात नाही. प्रत्येक माणूस स्वतःच्या कृत्यापुरता जबाबदार राहतो आणि त्याच्या व ईश्वराच्या मध्ये पापमोचन करणारा पुरोहितवर्गही उभा राहत नाही.

एकोणचाळिसाव्या अध्यायाच्या त्रेपन्नाव्या आयतीत, ज्यांनी स्वतःवर अतिरेक केला त्यांनीही ईश्वराच्या दयेविषयी निराश होऊ नये, असा दिलासा आहे. त्याचबरोबर चौथ्या अध्यायात, आयुष्यभर दुष्कर्मे करत राहून मृत्यू समोर आल्यावर ‘आता मी पश्चात्ताप करतो’ असे म्हणणाऱ्याची तौबा स्वीकारली जात नाही, अशी स्पष्ट मर्यादाही घातली आहे. दार मोठे आहे, पण ते कायमचे उघडे नाही, अशी ही भूमिका होय.

तिसरी बाब मानवी हक्कांची आहे. इस्लामी विचारात ईश्वराचे हक्क आणि माणसांचे हक्क असा भेद केला जातो. नमाज चुकली, उपवास मोडला तर तो ईश्वर आणि भक्त यांच्यातील प्रश्न आहे. कोणाचा पैसा बुडवला, कोणाची अब्रू घेतली, कोणाला इजा केली तर तो केवळ ईश्वराशी मिटवण्याचा प्रश्न राहत नाही. हुतात्म्याची सर्व पापे क्षमा होतात पण कर्ज राहते, अशा आशयाचे प्रेषित मुहंमद यांचे वचन हदीस-संग्रहात आहे. इमाम नववी (मृत्यू १२७७) यांनी तौबेच्या अटी सांगताना पाप सोडणे, त्याची खंत वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तीन अटी दिल्या. माणसाच्या हक्काचा प्रश्न असेल तेथे तो हक्क परत करण्याची चौथी अट त्यांनी जोडली. मराठीत सांगायचे तर तौबा म्हणजे केवळ परतणे नव्हे, परत करणेही होय.

३. ग्रंथ आणि ग्रंथकर्ता

‘फवाइद-उल-फुआद’ या नावाचा अर्थ ‘हृदयास हितकर गोष्टी’ असा करता येईल. १३०८ ते १३२२ या काळातील १८८ बैठकींच्या नोंदी त्यात पाच भागांत आल्या आहेत. संतांच्या संभाषणांच्या अशा संग्रहाला फारसीत ‘मलफूजात’ म्हणतात. भारतातील या प्रकाराचा हा आदर्श ग्रंथ मानला जातो. ब्रूस लॉरेन्स यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

नोंदी करणारे अमीर हसन हे अमीर खुस्रो यांचे समकालीन व स्नेही, फारसी गझलेचे नामवंत कवी आणि दरबाराशी व लष्कराशी संबंध असलेले गृहस्थ होते. निजामुद्दीन यांच्याकडे ते वयाची पन्नाशी उलटल्यावर आले. तारुण्य मौजेत घालवून उतारवयात तौबा केलेला कवी अशीच त्यांची प्रतिमा नंतरच्या चरित्रग्रंथांत आढळते. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास दौलताबाद ही राजधानी केल्यावर दिल्लीचे जे सूफी व कवी दख्खनेत आले त्यांत हसनही होते. त्यांचे निधन येथेच झाले.

ही माहिती केवळ चरित्राची नव्हे. तिचा ग्रंथाच्या स्वरूपाशी संबंध आहे. हा तौबेवर लिहिलेला शास्त्रग्रंथ नाही. इमाम गझाली (मृत्यू ११११) यांनी आपल्या ‘इह्या’ या बृहद्ग्रंथात तौबेवर स्वतंत्र प्रकरण लिहून ज्ञान, मनाची अवस्था आणि कृती अशी तिची तर्कशुद्ध रचना केली. हसन यांची रीत वेगळी आहे. कोणी येते, काही विचारते, गुरू एखादी गोष्ट सांगतात आणि लिहिणारा ती टिपून ठेवतो. लिहिणारा स्वतः उशिरा परतलेला असल्यामुळे तौबेचा विषय निघाला की त्या नोंदीत त्याचीही निकड जाणवते. पहिल्याच बैठकीत हा विषय आलेला आहे, ही गोष्ट या दृष्टीने लक्षणीय आहे.

४. तौबेचे तीन काळ

एका बैठकीत निजामुद्दीन तौबेचे काळानुसार तीन भाग करतात. वर्तमानाची तौबा म्हणजे केलेल्या कृत्याची खंत वाटणे. भविष्याची तौबा म्हणजे ते पुन्हा न करण्याचा निश्चय. येथपर्यंतची मांडणी परिचित आहे. भूतकाळाची तौबा मात्र त्यांनी अगदी व्यवहाराच्या भाषेत समजावली आहे. कोणी दुसऱ्याचे दहा दिरहम बळकावले आणि नुसते ‘तौबा, तौबा’ म्हणत राहिला तर ती तौबा होत नाही. दहा दिरहम परत करून त्या माणसाचे समाधान केले तरच ती तौबा. कोणाला अपशब्द बोलला असेल तर त्याच्याकडे जाऊन क्षमा मागावी. तो माणूस हयात नसेल तर जितके वाईट बोलला तितके त्याच्याविषयी चांगले बोलावे. ज्याने जीव घेतला तो जीव परत देऊ शकत नाही. त्याने गुलामाला मुक्त करावे, कारण मुक्त करणे हे एक प्रकारे जीवन देणेच आहे. मद्यपी असेल तर त्याने लोकांना सरबत आणि थंड पाणी पाजावे.

नववी यांच्या नियमाशी हा उतारा ताडून पाहिला तर ग्रंथाचे वेगळेपण कळते. ‘हक्क परत करा’ एवढे नियम सांगतो. परंतु जे परत करताच येत नाही त्याचे काय करायचे, याला केवळ नियम पुरा पडत नाही. मेलेल्याला त्याची अब्रू हातात नेऊन देता येत नाही. पिऊन संपलेली दारू कोणाला परत करायची? अशा ठिकाणी ‘फवाइद-उल-फुआद’ नुकसानीच्या जातीची भरपाई शोधतो. जिभेने केले ते जिभेने भरून काढायचे. पेल्याने केले ते पेल्याने. येथे शिक्षेची कल्पना नाही. ज्या इंद्रियाने, ज्या सवयीने माणूस वाकडा गेला त्याच इंद्रियाला सरळ कामाची सवय लावण्याची ही योजना आहे. मद्यपीने उपवास करावा असे ग्रंथ सांगत नाही. त्याने तहानलेल्याला पाणी द्यावे असे सांगतो. पापीपणाची जाणीव माणसाला स्वतःतच कोंडून टाकते. ही भरपाई त्याला पुन्हा इतरांकडे नेते.

या उताऱ्यावरून ‘माफी मागून मोकळे होणे’ हा आक्षेप निदान या परंपरेला लागू पडत नाही, हे स्पष्ट होते. ‘तौबा, तौबा’ असा नुसता उच्चार करणाऱ्याची खिल्ली स्वतः निजामुद्दीनच उडवतात. मराठीत पुढे जो उद्गार तेवढा शिल्लक राहिला, तो पुरेसा नाही असे सातशे वर्षांपूर्वीच सांगितले गेले होते.

५. विणकराची गाठ

तौबेविषयीचा दुसरा प्रश्न प्रतिष्ठेचा आहे. जो कधी चुकलाच नाही तो श्रेष्ठ, की चुकून परतलेला? पहिल्या बैठकीत निजामुद्दीन दोघांना समान मानतात. पापाची गोडी चाखून ती सोडणे सोपे नसते, हे त्यामागील कारण होय. या वादावर ग्रंथात एक कथाही येते. दोन माणसांत हा वाद होतो आणि निर्णयासाठी त्यांना सांगितले जाते, की सकाळी जो पहिला माणूस भेटेल त्याला विचारा. त्यांना भेटतो एक विणकर. तो म्हणतो, मला शास्त्र कळत नाही; परंतु विणताना जो धागा तुटतो आणि ज्याला मी गाठ मारतो, तो न तुटलेल्या धाग्यापेक्षा मजबूत होतो.

पैठणी आणि हिमरूच्या या प्रदेशातील वाचकाला या कथेचे मर्म वेगळे सांगावे लागणार नाही. तिच्या दोन बाजू मात्र ध्यानात घेतल्या पाहिजेत. एक म्हणजे गाठ लपत नाही. क्षमा म्हणजे जणू काही घडलेच नाही असे होणे, हा अर्थ येथे नाही. धागा तुटला होता याची खूण वस्त्रात राहते आणि तरीही वस्त्र पुरे होते. दुसरी बाजू अशी, की निर्णय देणारा पंडित नाही, कारागीर आहे. कुराणातील ‘तौबतन नसूहा’ म्हणजे निखळ तौबा या शब्दांचा अर्थ लावताना काही प्राचीन भाष्यकारांनी त्या धातूचा संबंध शिवण्याशी, फाटलेले वस्त्र सांधण्याशी जोडला होता. भाष्यकारांनी कोशात शोधलेला अर्थ विणकर आपल्या कामातून सांगतो.

क्षमा करणाऱ्या माणसाचे चित्र या परंपरेतील आणखी एका प्रसंगात दिसते. खुलताबादचे हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) हे निजामुद्दीन यांचे शिष्य होते. ‘सियर-उल-औलिया’ या चौदाव्या शतकातील चरित्रग्रंथानुसार, बुऱ्हानुद्दीन घोंगडी दुमडून तिच्यावर बसतात, म्हणजे गुरूसारखे आसन मांडतात, अशी कागाळी निजामुद्दीन यांच्या कानावर गेली आणि ते रुष्ट झाले. बुऱ्हानुद्दीन शोकाकुल झाले. अखेर अमीर खुस्रो गळ्यात पागोटे अडकवून अपराध्याच्या वेषात गुरूंसमोर उभे राहिले आणि आपल्या मित्रासाठी त्यांनी क्षमा मिळवली. ईश्वरासमोर मध्यस्थाची गरज नाही असे सांगणाऱ्या परंपरेत माणसांच्या क्षमेला मात्र मित्र लागतो, हे या प्रसंगावरून दिसते. ईश्वराची क्षमा आणि माणसाची क्षमा यांतील अंतर सूफींना पुरेपूर ठाऊक होते.

६. सोसणे आणि फेडणे : नाथांच्या अनुतापाशी तुलना

मराठी वाचकाच्या मनातील पश्चात्तापाची कल्पना प्रामुख्याने संतांच्या अनुतापाने घडली आहे. पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) आपल्या भागवताच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीतेवर जे विवरण केले आहे ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. अवंतीचा एक धनाढ्य ब्राह्मण पराकोटीचा कंजूष असतो. तो घरच्यांना पोटभर देत नाही, अतिथीला शब्दानेही तृप्त करत नाही. पुढे त्याचे धन भाऊबंद, चोर, राजा आणि काळ मिळून नेतात. तेव्हा त्याला तीव्र अनुताप होतो आणि तो भिक्षू होतो. लोक त्याची विटंबना करतात. तो ती शांतपणे सोसतो आणि सुखदुःखाचे कारण बाहेर कोठे नसून आपले मनच आहे, या निष्कर्षाला येतो.

या कथेत अनुतापाची दिशा आतली आहे. त्याने वैराग्य येते, वैराग्याने मन शांत होते. ज्या घरच्यांना त्याने उपाशी ठेवले, ज्या अतिथींना विन्मुख पाठवले, त्यांचे पुढे काय झाले हा या कथेचा प्रश्नच नाही. तो त्यांचे काही फेडत नाही. जगाचा अपमान सोसणे हीच त्याची फेड ठरते. ‘फवाइद-उल-फुआद’मधील दहा दिरहमांचा उतारा याच्या नेमका समोर येतो. एकीकडे सोसणे आहे, दुसरीकडे फेडणे.

या भेदावरून एका परंपरेचे माप काढून दुसरीला दोष देणे योग्य ठरणार नाही. भागवताचा तो अध्याय परनिंदा कशी सोसावी या प्रश्नाच्या उत्तरादाखल आला आहे. तो प्रायश्चित्ताचा ग्रंथ नाही. धर्मशास्त्रात परत करण्याचा विचार आहेच. किरकोळ वस्तूंच्या चोरीचे प्रायश्चित्त सांगताना मनुस्मृतीनेही ती वस्तू परत करण्याची अट घातली आहे. उलट सूफी परंपरेतही अंतर्मुख अनुताप भरपूर आहे. माणूस तौबा करतो म्हणून ईश्वर वळत नाही, ईश्वर वळतो म्हणून माणसाला तौबा सुचते, अशा आशयाचे उत्तर राबिया बसरी यांच्या नावे प्रसिद्ध आहे. तरीही ‘तौबा’चे भाषांतर सरसकट ‘अनुताप’ किंवा ‘पश्चात्ताप’ असे केल्याने काय हरवते ते या तुलनेतून कळते. दोन्ही मराठी शब्दांत ताप आहे, जळणे आहे. परतीची वाट नाही. मुसलमान मराठी संतकवींकडे, उदाहरणार्थ श्रीगोंद्याच्या शेख महंमद यांच्या १६४५ मधील ‘योगसंग्राम’कडे, आपली समीक्षा मुख्यतः समन्वयाच्या अंगाने पाहत आली. रा. चिं. ढेरे यांनी त्या संशोधनाचा भक्कम पाया घातला. आता त्या कवींच्या शब्दांमागे तौबेसारख्या इस्लामी संकल्पना कोणत्या अर्थाने वावरतात, हे पाहण्याचे काम पुढे न्यायला हवे.

७. देवगिरीची मुलगी : ग्रंथाची कसोटी

येथवर ग्रंथाची बलस्थाने पाहिली. समीक्षेला त्यापलीकडे जावे लागते, आणि तशी संधी हा ग्रंथच देतो. हसन आपल्या गुरूंना एक हकीकत सांगतात. देवगिरीच्या लष्करी तळावर त्यांच्या सेवकाने एक लहान मुलगी पाच टंकांना विकत घेतली होती. फौज दिल्लीकडे निघण्याच्या वेळी त्या मुलीचे आईवडील रडत आले आणि मुलीसाठी विनवण्या करू लागले. हसन यांचे मन द्रवले. त्यांनी पदरचे पैसे घालून मुलगी सोडवली व आईवडिलांच्या हवाली केली. हे ऐकून गुरूंनी त्यांची प्रशंसा केली.

सूफी साहित्यात दख्खनेचा सामान्य माणूस क्वचितच येतो. येथे तो आला आहे, रडत आला आहे. त्याचे नाव नाही, भाषा नाही, त्याच्या तोंडी एक वाक्यही नाही. तरीही या मजकुरात परत करण्याची कृती प्रत्यक्षात घडते. येथे दहा दिरहमांचा प्रश्न नाही, एक मूल परत केले गेले आहे. हसन यांनी तौबेचा अर्थ केवळ लिहून ठेवला नाही, निदान एकदा तरी तो आचरला, याची ही साक्ष होय.

परंतु याच ठिकाणी ग्रंथाची मर्यादाही उघड होते. ही हकीकत दयेची म्हणून सांगितली आणि ऐकली जाते. तौबेची म्हणून नव्हे. मुलगी बाजारात आली कशी, हा प्रश्न गुरूही विचारत नाहीत आणि शिष्यही विचारत नाही. अलाउद्दीन खलजीची १२९६ ची स्वारी, मलिक काफूरची १३०७ ची मोहीम आणि १३१८ मध्ये हरपालदेवाचा पाडाव या घटनाक्रमात देवगिरीच्या परिसराने जे भोगले, त्याचाच एक तुकडा त्या तळावर पाच टंकांना विकला गेला होता. ‘बळकावलेले परत केल्यावाचून तौबा नाही’ हे सूत्र व्यक्तीच्या दहा दिरहमांना लागते. फौजेच्या लुटीला ते लावले जात नाही. त्याचप्रमाणे जीव घेतल्याची भरपाई म्हणून गुलाम मुक्त करण्याची सूचना हृदयस्पर्शी असली तरी ती गुलामांचे अस्तित्व गृहीत धरते. एखाद्याचे स्वातंत्र्य हे दुसऱ्याच्या पापाचे मोल म्हणून खर्ची पडते, ही त्यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

ही मर्यादा त्या काळाची होती, असे म्हणून विषय संपवता येईल. परंतु ते पुरेसे नाही. निजामुद्दीन यांनी सुलतानांच्या दरबारापासून कटाक्षाने अंतर राखले. सत्तेपासून दूर राहणे हा त्यांचा नैतिक मार्ग होता. या मार्गाने खानकाह निर्मळ राहिली, पण सत्तेच्या कृत्यांना तौबेचे मोजमाप लावण्याची जागाही उरली नाही. आजच्या वाचकाने या ग्रंथाकडून घ्यायचे ते मोजमाप आहे, त्याची तत्कालीन मर्यादा नव्हे. ग्रंथाने दिलेला निकष ग्रंथालाच लावणे हा त्याचा अवमान ठरत नाही. तो गांभीर्याने वाचल्याची ती खूण आहे. हा निकष कोणत्याही एका समाजापुरता वा एका राजवटीपुरता नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. बळकावलेली जमीन, बुडवलेली मजुरी, पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेला मान यांपुढे कोणत्याही धर्माच्या माणसाला दहा दिरहमांचा हाच प्रश्न विचारता येतो.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. इस्लाममधील तौबा म्हणजे केवळ शाब्दिक क्षमायाचना नव्हे. तिच्यात ईश्वराकडे परतणे आणि माणसाचे हक्क परत करणे या दोन्ही क्रिया येतात. दुसरी टाळून पहिली पुरी होत नाही.

२. ‘फवाइद-उल-फुआद’चे वैशिष्ट्य नियम सांगण्यात नाही. जे परत करता येत नाही त्याची त्याच जातीची भरपाई कशी करावी, हे तो दैनंदिन जीवनातील उदाहरणांनी सुचवतो. हेच त्याचे वाङ्मयीन व नैतिक मोल होय.

३. मराठीत ‘तोबा’, ‘गुन्हा’, ‘कबुली’, ‘माफी’ हे शब्द मुख्यतः व्यवहार व कायदा यांच्या अर्थाने रुजल्यामुळे इस्लामी क्षमाविचाराचे आकलन एकांगी होते. ‘अनुताप’ व ‘पश्चात्ताप’ हे पर्यायी शब्दही तौबेतील परतीचा अर्थ पूर्णपणे व्यक्त करत नाहीत.

४. ग्रंथातील तौबाविचार व्यक्तीच्या अपराधापाशी थांबतो. सामूहिक व राजकीय अन्यायाला तो लागू केलेला नाही. देवगिरीच्या मुलीची हकीकत त्याची क्षमता आणि मर्यादा दोन्ही दाखवते.

पैठण तालुक्यातील पाचोडसारख्या गावातील महाविद्यालयात नाथांचा अनुताप ऐकत वाढलेला विद्यार्थी आणि घरी तौबेचा अर्थ शिकलेला विद्यार्थी एकाच बाकावर बसतात. दोघांनाही एकमेकांचे शब्द तोंडओळखीपुरते माहीत असतात. वाङ्मयाच्या अध्यापकाने त्या शब्दांमागील विचार त्यांच्यासमोर ठेवला, तर पाठ्यक्रमातील ‘समन्वय’ हा शब्द काही अंशी खरा होईल. हसन यांची कबर खुलताबादेत आहे आणि ज्या आईवडिलांनी त्यांच्याकडून आपले मूल परत नेले ते याच परिसरातले होते. त्यांची बाजू कोणी लिहून ठेवली नाही. ती लक्षात ठेवून हा ग्रंथ वाचणे, एवढे तरी आजच्या वाचकाकडे देणे आहे.